शेपटीकडचे स्क्रू

"काका, विमान कुणासाठी हवंय?" पुण्यातल्या दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठीच."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं नीट पाहिलं. डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. लेकीनं आणायला सांगितली होती. बाई सभ्य होत्या, हसल्या नाहीत.

"आधी कधी उडवलंय?"

"पतंगसुद्धा नाही."

"मग हे बघा." त्यांनी एक रंगीत खोका पुढं केला. "हे फोमचं, तयार विमान. पंख लावायचा, बॅटरी चार्ज करायची, की झालं. मोटर, रिमोट सगळं आतच आहे. पडलं तरी चिकटवता येतं. नवीन माणसानं हेच घ्यावं."

"जोडायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास."

मी खोका बाजूला सारला. बाईंना वाटलं, काकांना काहीतरी भारी हवंय. त्यांनी दुसरा काढला. त्यात पंख आणि धड तयार होतं, पण मोटर, बॅटरी, रिमोट वेगळं घेऊन आपण बसवायचं होतं.

"एखाददुसऱ्या दिवसाचं काम," त्या म्हणाल्या.

"याच्याहून जास्त काम कशात आहे?"

"असं कुणी विचारत नाही हो काका."

"मी विचारतोय ना."

मग त्यांनी वरच्या फळीवरून एक लांबट, चपटा खोका उतरवला. त्यावरची धूळ पुसली. आत विमान नव्हतंच. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पातळ फळ्या, पंखाच्या आतल्या कापून ठेवलेल्या बरगड्या आणि घडी घातलेला एक भलामोठा नकाशा. विमान फक्त झाकणावर होतं, तेही लढाऊ.

"हे नवशिक्याचं नाही," बाई म्हणाल्या. "याचा पंख खाली आहे. पंख वर असलेलं विमान हात सोडला की आपलं आपण सरळ होतं. हे होत नाही. शिवाय बांधायला महिने जातात. लोक कंटाळून अर्धवट सोडतात."

"हेच द्या."

"मी विकायला बसलेय तरी सांगते, घेऊ नका."

"द्या हो."

त्यांनी दिलं. वर मोटर दिली, बॅटरी दिली, रिमोट दिला, रिमोटचं बोलणं विमानात बसून ऐकणारा रिसीव्हर दिला, आणि त्याचं ऐकून शेपटीचे पडदे हलवणाऱ्या काडेपेटीएवढ्या छोट्या मोटरी दिल्या. त्यांना सर्वो म्हणतात. प्रत्येक वस्तू काय करते ते त्यांनी समजावून सांगितलं. डॉक्टरांपुढं डोलवायचो तशी मी मान डोलावली आणि डॉक्टरांचं समजायचं तेवढंच समजलं.

मला विमानाचं वेड नव्हतं. वेड होतं माझ्या मेहुण्याला, मुरलीधरला. माझ्या बायकोचा, मालनचा हा धाकटा भाऊ. मिरजेत बँकेत कॅशियर होता, तेव्हा नुकताच निवृत्त झालेला. आयुष्यभर दर रविवारी तो दंडोबाच्या डोंगराकडच्या माळावर रिमोटची विमानं उडवत आला, आणि मी त्यांना 'खेळणी' म्हणत आलो. त्याच्या तोंडावर. तो तोंडावर हात ठेवून हसायचा. मालनही तशीच हसायची.

मालन गेली, त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाला मुरलीधर जयसिंगपूरला आमच्याकडं आला, जेवला, आणि दारात चपला घालताना म्हणाला, "येतो दाजी. काही काम पडलं तर कळवा."

"बरं," मी म्हणालो.

तो फाटकाबाहेर गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आता हा येणार नाही. कशाला येईल? बहीण होती तोवर भाऊ येत होता. राखी संपली, भाऊबीज संपली. काम पडलं तर म्हणाला, पण माझ्याकडं काय काम पडणार? ट्रकच्या बॉडी बांधायचा माझा कारखाना होता, तो मालनच्या आजारपणात विकून टाकलेला. लेक पुण्यात. मालनला 'अक्का' म्हणणारा जगात हा एकच माणूस होता, आणि मी त्याला 'बरं' म्हणून वाटेला लावलं होतं.

तेव्हा काम पाडायचं ठरवलं. आणि ते अर्ध्या तासात संपणारं नको होतं.

पुण्याहून परतल्यावर मी त्याला फोन केला. "मुरलीधर, काम पडलंय."

"कसलं काम, दाजी?"

"विमान बांधायचंय."

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

रविवारी सकाळी तो हजर. मी खोका टेबलावर मांडून ठेवला होता. त्यानं झाकणावरचं लढाऊ विमान पाहिलं. झाकण उघडून पट्ट्या पाहिल्या. परत झाकण लावून लढाऊ विमान पाहिलं.

"छान आणलंय, दाजी," तो म्हणाला.

इथं आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मालनच्या माहेरी जावयाला चूक म्हणायची पद्धत नव्हती. जावई चुकतच नसे. तिचे वडील मला कधी काही बोलले नाहीत, आणि त्यांच्यामागं मुरलीधरही नाही. एकदा मी त्याला लोखंडी अँगलचं कपाट बांधून दिलं. ट्रकची बॉडी बांधणाऱ्यानं बांधलेलं कपाट! चार माणसांना हललं नाही, आणि त्याच्या दारातून आत जाईना. मुरलीधर म्हणाला, "मजबूत झालंय, दाजी," आणि त्यानं गवंडी बोलावून दाराची चौकट फोडून घेतली. हे मला पुढच्या महिन्यात मालननं सांगितलं. "मुरलीनं घर फोडलं तुमच्या कपाटापायी. कळत कसं नाही हो तुम्हाला?"

आमचं असंच चालायचं. त्याला मला काही सांगायचं असेल तर तो अक्काला सांगायचा, आणि ती मला दामटून ऐकवायची. माझं त्याला काही असेल तर तेही तिच्याकडूनच जायचं. आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते पावसापाण्याचं आणि उसाच्या दराचं. मधला माणूस गेला आणि आम्ही दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, मध्ये बाल्साच्या पट्ट्या.

मुरलीधरनं नकाशा टेबलावर पसरला, वर पातळ प्लॅस्टिक अंथरलं आणि नकाशातल्या रेघांवर पट्ट्या ठेवून टाचण्या टोचल्या. "नकाशा आहे तेवढंच विमान, दाजी. त्यावरच ठेवायचं, त्यावरच चिकटवायचं. सुकलं की उचलायचं."

"नुसतं चिकटवायचं? स्क्रू नाही?"

"स्क्रू नसतो याला."

"मग सुटलं तर?"

"सुटत नाही, दाजी."

मला ते पटलं नाही. मी आयुष्यभर दहा टन ऊस वाहणाऱ्या बॉडी बांधल्या. बोटानं दाबलं की खड्डा पडतो ते लाकूड, आणि त्याला नुसता गोंद? विमानाची शेपटी धडाला जोडतात तिथं तर मला भलतंच नाजूक वाटलं. मी आतून दोन बारीक पत्र्याच्या एल-पट्ट्या टाकल्या, स्क्रू पिळले आणि वर एम-सील थापलं.

मुरलीधरनं ते पाहिलं. घसा खाकरला.

"काय रे?"

"काही नाही. तसंही चालतंय, दाजी."

पुढच्या रविवारी तो येऊन गेला, आणि सोमवारी बघतो तर एक एल-पट्टी गायब. स्क्रूंची भोकं तेवढी राहिलेली, तीसुद्धा कुणीतरी भुशानं बुजवल्यासारखी. मी घाबरलो. वाटलं, झालं, आपलं डोकं चालेनासं झालं. पट्टी बसवलीच नाही आणि बसवल्याचं आठवतंय. एकट्या माणसाला ही भीती फार असते. कुणाला सांगितलं नाही. गुपचूप नवी पट्टी बसवली, आधीपेक्षा जाड. त्याच्या पुढच्या आठवड्यात एम-सील पातळ झालेलं दिसलं. मी परत थापलं. पुढं कधी स्क्रू जायचे, कधी पट्टी. मी दर वेळी जास्त घालायचो. डॉक्टरांकडं जाऊन आठवण वाढवायच्या गोळ्या आणल्या, त्याही खाल्ल्या.

महिने गेले. पंखाच्या बरगड्या एकेक करून उभ्या राहिल्या. विमानावर जो रंगीत कागद लावतात तो इस्त्रीनं चिकटवतात. गरम केला की तो ताणून बसतो. घरातली इस्त्री काढली. मुरलीधर नाजूक हात फिरवायचा, मी शर्टाची कॉलर दाबावी तशी दाबायचो. एका पंखाला करपल्याचा डाग पडला.

"छान दिसतंय, दाजी," तो म्हणाला. "लढाईत गोळी लागल्यासारखं."

मला वाटलं, हा कौतुकच करतोय.

एवढ्या महिन्यांत मालनचं नाव आमच्यात फक्त एकदा निघालं. तो डब्यातून मेथीच्या वड्या घेऊन आला होता. एक तोडून म्हणाला, "अक्काच्या हातच्या..." आणि थांबला. मी म्हणालो, "तिकडची टाचणी दे." त्यानं टाचणी दिली. झालं.

मकरसंक्रांतीनंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही त्याच्या स्कूटरवरून माळावर गेलो. वारा नव्हता. विमान उडवण्याआधी ते दोन बोटांवर तोलून बघतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून थोडं मागं दोन्हीकडं एकेक बोट लावून उचलायचं. विमान आडवं राहिलं पाहिजे, जमलं तर नाक जरासं खाली. मुरलीधरनं उचललं. शेपटी धाडकन खाली गेली आणि त्याच्या पोटावर आपटली.

तो तसाच उभा राहिला, बोटांवर विमान घेऊन.

"दाजी, थोडं मागं जड वाटतंय का?"

"मजबूत आहे," मी म्हणालो.

त्यानं आकाशाकडं पाहिलं. "हो. मजबूत आहे."

त्यानं बॅटरी शक्य तेवढी नाकाकडं सरकवली, तिच्यापुढं खिशातली चिल्लर रुमालात बांधून कोंबली. परत तोललं. शेपटी आता हळू पडली, पण पडलीच. मला वाटलं, उडताना होईल सरळ.

मग त्यानं रिमोट माझ्या हातात दिला.

"मी कसा उडवू? तू उडव."

"पहिला मान तुमचा, दाजी. विमान तुमचं आहे."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मान मिळाला की मी तो घ्यायचो, तशी सवयच लागलेली. त्यानं मला दोन दांड्या दाखवल्या. ही वर केली की मोटर जोरात, ही मागं ओढली की नाक वर, आणि हीच डावी-उजवी केली की वळतं. तो विमानामागं गेला, त्याचं तोंड मोकळ्या माळाकडं केलं आणि बाजूला झाला.

मी दांडी वर केली. विमान धूळ उडवत धावलं आणि, खरं सांगतो, उडालं. अंगावर काटा आला. पण मग नाक वर जाऊ लागलं. मी काही केलं नव्हतं, ते आपलं आपण जात होतं, वर, आणखी वर, खुर्चीत मागं रेलावं तसं.

"नाक खाली घ्या, दाजी. हळू."

मी घेतलं. हळू नाही. विमान गोता खाऊन डोलत, वळत आमच्याकडंच निघालं.

"डावीकडं जातंय, उजवीकडं वळवा."

मी उजवीकडं वळवलं. ते आणखी तिकडंच गेलं. विमान आपल्याकडं तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा त्या बाईंनी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती.

"दुसरीकडं! दाजी, दुसरीकडं!"

विमान आता डोक्याच्या उंचीवर होतं आणि सरळ माझ्यावर येत होतं. नाकावरचा पंखा भणभणत होता. मी दोन्ही दांड्या जिवाच्या आकांतानं ओढून धरल्या. ट्रकचा ब्रेक लागत नसला की दाबतात तसं.

"सोड! हात सोड त्या दांडीवरचा! सोड म्हणतो ना, गाढवा! मरशील!"

त्यानं मला खांद्यानं ढकललं. मी मातीत बसलो, विमान माझ्या टोपीवरून गेलं आणि मागच्या बाभळीत घुसलं. मोडण्याचा आवाज अगदी लहान होता, काडेपेटी पायाखाली यावी एवढा.

मुरलीधरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं दोन्ही हात कानाला लावले.

"दाजी, चुकलं. तोंडातून गेलं. माफ करा."

"काय म्हणालास तू?"

"चुकलं म्हटलं ना."

"आधी काय म्हणालास?"

"दाजी, नका ना..."

"अरे, आणखी काही असेल तर तेही बोल. आता कशाला ठेवतोस?"

तो माझ्याकडं बघत राहिला. बाभळीकडं गेला, विमानाची मोडलेली शेपटी काढून आणली आणि माझ्यापुढं मातीत टाकली. एल-पट्टी आणि स्क्रू उन्हात चमकत होते.

"हे काय आहे? विमान आहे का ट्रॉली आहे? मी दर रविवारी स्क्रू काढायचो, तुम्ही दर सोमवारी परत घालायचात! तुम्ही चहा ठेवायला गेलात की मी एम-सील घासत बसायचो. बोटं सोलली माझी!"

"तू काढायचास?"

"मग काय भूत?"

"अरे, मी गोळ्या खाल्ल्या डोक्याच्या!"

हे ऐकून तो हसेल असं वाटलं. हसला नाही. आता तो थांबणार नव्हता.

"आणि हे विमान! नवशिक्यानं घ्यायचं विमान आहे का हे? पंख खाली, बाल्साचं, लढाऊ! फोमचं घ्यायचं सोडून..."

"बाईंनी सांगितलं होतं मला."

"मग का घेतलंत?"

मी मातीतच बसलो होतो. उठून बोलण्याइतकी ती गोष्ट मोठी नव्हती. "यात काम जास्त होतं," मी म्हणालो. "फोमचं अर्ध्या तासात झालं असतं. मग तू परत कशाला आला असतास?"

मुरलीधर वळला. स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला, पाठ माझ्याकडं. खिसे चाचपले, रुमाल बाभळीतल्या विमानाच्या नाकात होता. शर्टाच्या बाहीनंच तोंड पुसलं.

"नुसतं 'ये' म्हणायचं होतं," तो तिकडंच बघून म्हणाला.

"ते तुझी अक्का म्हणायची. मला कुठं येतं?"

"येत नाही तर शिकायचं." मग जरा वेळानं, चिडल्या आवाजातच म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. खोका बघितल्या बघितल्या. सांगणार होतो, परत करून टाका म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस? मी दाजी म्हणून?"

"दाजी म्हणून कसलं! तुम्ही परत केलं असतंत तर मी पुढच्या रविवारी कुठं गेलो असतो?"

एक टिटवी ओरडत गेली. मग तो बाभळीखाली गुडघ्यावर बसला आणि तुकडे गोळा करू लागला. मीही गेलो.

"पंख्याला हात लावू नका. आधी बॅटरीची वायर काढायची. बोटं जातील."

"बरं."

"ती बॅटरी पिशवीत नको. फुगलीय, बघा. पेट घेईल. बाहेर ठेवा, मातीवर."

"ठेवली."

"काटे बघून. घुसला ना? बघून म्हटलं की."

परत निघालो तेव्हा एक पंख शाबूत होता, करपल्याच्या डागाचा. तो मी मागं धरून बसलो. स्कूटरनं वेग घेतला आणि वारा पंखात भरला. मी सीटवरून उचलला जातोय की काय असं झालं.

"पंख उभा धरलाय का तुम्ही?" मुरलीधर पुढून ओरडला. "आडवा धरा! धार पुढं! एवढे महिने पंख बांधला आणि कसा धरायचा ते कळत नाही?"

मी धार पुढं केली. स्कूटर सरळ झाली.

मालन गेल्यापासून माझ्याशी सगळे हळू बोलायचे. लेक हळू बोलायची, शेजारी हळू बोलायचे, भाजीवालीसुद्धा. मी भाजीत मीठ विसरलो, गेट उघडं ठेवलं, एकच शर्ट चार दिवस घातला, कुणी एक शब्द बोलायचं नाही.

"आता मी सांगतो ते घ्यायचं," वाऱ्यातून मुरलीधर ओरडत होता. "फोमचं. पंख वर असलेलं. दुकानात मी येणार, तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या घरी राहील. ऐकताय ना?"

"हो."

"आणि माझ्या विमानांना खेळणी म्हणायचं बंद. चाळीस वर्षं ऐकून घेतलं. आणि ते कपाट! ते कपाट काढायचं तर आता भिंत फोडावी लागणार आहे, माहीत आहे का तुम्हाला? बायको रोज मला बोलते."

"वहिनींना सांग, मी कापून देतो."

"तुम्ही हात लावायचा नाही त्याला!" त्यानं आरशात बघितलं. "मागं बसून हसताय काय?"

मी हसत नव्हतो.

"नाही रे," मी म्हणालो. "तू बोल. मी ऐकतोय."